जपून ठेवलेली पत्ती

दाढ काढण्याआधी डॉक्टरांनी मला सांगितलं होतं. खालची अक्कलदाढ आडवी आहे, तिच्या बुडाशी शीर आहे, ओठ काही दिवस बधिर राहील, क्वचित कायमचाही राहतो. मी मान हलवली. ठणका असा होता की ओठच कापून ठेवतो म्हटले असते तरी मी मान हलवली असती. दुसऱ्या दिवशी उठलो तेव्हा दाढ गेली होती, ठणका गेला होता आणि खालच्या ओठाची उजवी बाजू पार हनुवटीपर्यंत गेली होती. चहा पिताना तो शर्टावर सांडला तेव्हा मला कळलं.

दुसरा कुणी असता तर चार दिवस कुरकुर करून विसरला असता. पण मी धुळ्यातल्या एका बँडमध्ये क्लॅरनेट वाजवतो. वाजवत होतो म्हणायला हवं, पण ते अजून जिभेवर येत नाही. क्लॅरनेटच्या तोंडाला खालून बोरूची एक पातळ पत्ती बांधलेली असते. ती खालच्या ओठावर टेकते. फुंकलं की ती थरथरते आणि आतली हवा बोलायला लागते. ओठ किती दाबायचा, कधी सोडायचा, हे पत्तीच ओठाला सांगत असते. माझ्या ओठाला आता तिचं काही ऐकू येत नव्हतं. फुंकायला बसलो की एकतर फुसका वारा जाई, नाहीतर रस्त्यावर पिल्लू चिरडावं तशी किंकाळी निघे. मला न कळता मी ओठ इतका चावत होतो की पत्ती लाल होई.

डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. गोळ्या दिल्या. धुळ्यात आम्ही राहतो त्या देवपुरातल्याच एका बाईंनी चेहऱ्याचे व्यायाम शिकवले. मी आरशासमोर उभा राहून फुगे फुगवायचो, बर्फ लावायचो, दाढी करताना दुसऱ्याचीच हनुवटी धरल्यासारखं वाटायचं. पाडव्याला नाही आला ओठ, भीमजयंतीला नाही आला. जयंतीच्या मिरवणुकीत बँडच्या पहिल्या रांगेत माझी जागा ठरलेली. त्या वर्षी मी ताप आलाय सांगून घरात पडून राहिलो आणि खिडकीतून येणारा आवाज ऐकून उशी तोंडावर दाबली. मला रडायला आलं नाही. मला राग आला, आणि राग कुणाचा करावा हेही कळेना.

शेवटी ज्या कुणी हे वाद्य शोधून काढलं त्याचाच केला. मोबाईलवर क्लॅरनेटबद्दल जे सापडेल ते बघत सुटलो. कळलं ते असं, की आधी नुसती एक आखूड नळी होती, पत्ती लावलेली, मोजके सूर देणारी. मग कुणीतरी पाठीमागे अंगठ्याजवळ एक भोक पाडून त्यावर चावी बसवली. ती दाबली की नळीचा आवाज एकदम उडी मारून वर जाई. मग चाव्या वाढत गेल्या. पितळी वाद्यांचं तसंच. आमच्या बँडमधला ट्रम्पेट आज सगळी गाणी म्हणतो, पण त्याला बटणं बसण्याआधी त्याच्या बापजाद्यांना शिपायांना उठवण्यापुरतेच सूर यायचे. माणसांनी पिढ्यान्पिढ्या डोकं लढवलं, बटणं केली, चाव्या केल्या, गाद्या केल्या, स्प्रिंगा केल्या. आणि एवढा सगळा पसारा टांगला कशावर, तर माणसाच्या बोटभर ओठावर! एकालाही सुचलं नाही की ओठ मेला तर काय करायचं?

आता इथं माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं, कारण माझी खरी भीती लग्नसराईची नव्हती, त्यांची होती.

आम्ही शिंदखेडा तालुक्यातले, नरडाण्यापासून जवळच्या एका गावचे. आजोबांच्या काळी गावाच्या प्रत्येक कार्याला आमच्या घरच्यांनी डफडं वाजवायचं, ही ठरलेली रीत. बोलावलं की जायचं, नाही म्हणायची सोय नाही, बाहेर उभं राहायचं, उरलंसुरलं घ्यायचं. दीक्षा घेतल्यावर आजोबांनी डफडं सोडलं ते सोडलंच. पुढे माझे वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, तरुणपणी धुळ्यात एका बँडवाल्याकडे राहिले आणि एक दिवस क्लॅरनेट घेऊन घरी आले. आजोबांनी तो बघितला आणि ते भडकले. “सोडेल शे ते परत कसाले उचली लयना?” आबांचं उत्तर आमच्या घरात अजून सांगतात. “बा, हाई कोणाच वतनमा नही. हाई समुद्रना पल्याडनं शे.”

म्हणजे हे वाद्य कुणाच्या जातीला चिकटून आलेलं नाही. याला ड्रेस घालून वाजवायचं, सुपारी ठरवून वाजवायचं, नको वाटलं तर नाही म्हणायचं. ज्या दारांबाहेर आजोबा उभे राहिले त्याच दारांतून आबांना ‘मास्तर’ म्हणून आत बोलावलं गेलं. मी लहानपणी हे इतक्यांदा ऐकलं की मला त्याचा कंटाळा यायचा. ओठ गेल्यावर त्यातला शब्दन् शब्द आठवायला लागला.

आबांची शिकवायची एक पद्धत होती. मी वाजवताना ते माझ्या बोटांच्या खाली, क्लॅरनेटच्या खालच्या तुकड्यावर, पंजा ठेवायचे आणि डोळे मिटायचे. पत्ती जड आहे, हलकी आहे, फूक पोटातून येतेय की नुसती गालातून, हे ते पंजानं सांगायचे; जड असली तर चाकूनं खरडून पातळ करायला लावायचे. उभा जन्म ढोल-ताशांपुढे उभं राहून म्हातारपणी त्यांचे कान गेले. मशीन लावलं, ते त्यांनी डब्यात ठेवून दिलं. पण पंजा शाबूत होता. बँड गावात आला की ते काठी टेकत यायचे, सरळ रांगेत घुसून माझ्या क्लॅरनेटवर हात ठेवायचे आणि गाणं संपेपर्यंत तसेच उभे राहायचे. नवरदेव खोळंबला तरी चालेल, पण आबांना कुणी बाजूला करत नसे. त्यांचं ऐकणं एवढंच उरलं होतं.

आणि त्या उन्हाळ्यात आमच्या गावातलं एक लग्न आमच्याच बँडकडे होतं. सुपारी हिवाळ्यातच ठरलेली, दाढेच्या आधी. तोवर ओठ यायलाच हवा होता. नाहीतर आबा येणार, हात ठेवणार, आणि त्यांच्या पंजाला काहीच ऐकू येणार नाही. हे डोळ्यांसमोर आलं की मी पुन्हा फुंकायला बसायचो. भाऊ गावाहून फोन करायचा, “आबा रोज तुन्हं नाव काढतस, येई जाय एकदाव.” मी काहीतरी कारण सांगायचो; ओठाचं गावी कुणालाच कळू दिलं नव्हतं.

मग मी नको ते उद्योग सुरू केले. दातांवर चामड्याची पट्टी बसवून खोटा ओठ केला. पट्टी भिजली की कुत्र्याच्या पट्ट्यासारखा वास यायचा आणि आवाज त्याहून वाईट. मोबाईलवर दिसलं की फार पूर्वी लोक क्लॅरनेटचं तोंड उलटं धरायचे, पत्ती वर, वरच्या ओठाला. माझा वरचा ओठ जिवंत होता. मला वाटलं, सापडलं! माउथपीस फिरवला, फुंकलं, दोन सूर लागलेही. पण या वयात वरच्या ओठाला अक्षरओळख करून द्यायची म्हणजे वर्षं हवीत, आणि माझ्याकडे उन्हाळा होता. तासाभरात जबडा असा आखडला की भाकरी मोडून आमटीत भिजवून खावी लागली.

शेवटचा उद्योग साक्रीकडच्या एका म्हाताऱ्याला पाहून सुचला. तिकडं पावरी वाजवतात. मोठा वाळलेला भोपळा, त्याला खाली बांबूच्या नळ्या, आणि पत्ती भोपळ्याच्या पोटात. वाजवणाऱ्याचा ओठ पत्तीला शिवतच नाही, तो नुसता भोपळ्यात फुंकतो. म्हाताऱ्याच्या तोंडात एक दात नव्हता आणि तो थांबायचं नाव घेत नव्हता. मी बसमध्ये बसून घरी येईपर्यंत मनातल्या मनात वाद्य तयार केलं होतं. क्लॅरनेटच्या तोंडावर भोपळा बसवायचा, मेणानं सांधे बुजवायचे, पत्ती आत, ओठ बाहेर. त्या रात्री मला कित्येक महिन्यांनी नीट झोप लागली.

तुंबडीएवढा भोपळा मिळवला, कोरला, बसवला. जोर लावून फुंकलं आणि आवाज आला! एकच, जाडा, नाकातला. मी चाव्या दाबल्या तर तो थोडा वरखाली झाला, पण वरच्या पट्टीत उडी मारेना. ती उडी ओठाशिवाय नाहीच. बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. “आते घरमा नाग निंघी. दूध ठेवू का?” मी हसलो. ती पण हसली. मग मला हसू आवरेना, आणि ती हसायची थांबली आणि माझ्याजवळ येऊन तिनं भोपळा माझ्या हातातून काढून घेतला. दुसऱ्या दिवशी तो मला परसात, झाडांना पाणी घालायच्या डब्याशेजारी दिसला.

बँडमालक माणूस वाईट नव्हता. त्याला वाटलं असतं तर तो मला घरी बसवू शकला असता. आमच्या धंद्यात रांगा भरलेल्या दिसाव्या म्हणून थोडी भरतीची माणसं ठेवतात. त्यांना ड्रेस असतो, हातात पिचकी वाद्यं असतात, त्यांनी फक्त गाल फुगवायचे. आम्ही वाजवणारे त्यांची फार चेष्टा करायचो. मालक मला म्हणाला, “भाऊ, तू ड्रेस घाल, पुढं उभा राहा, बोटं हलव. आवाज गाडीतून देऊ.” गाडी म्हणजे स्पीकर लावलेलं वाहन. त्यावर बसून एक तरुण कीबोर्ड वाजवायचा आणि त्या कीबोर्डवर एक बटण होतं, ते दाबलं की क्लॅरनेटचा आवाज यायचा. ना फुंकणं, ना पत्ती, ना ओठ. मी जे जन्मभर शिकलो ते एका बटणात बसलं होतं, आणि वाईट याचं की ते सुरात होतं.

मी उभा राहिलो. काय करणार होतो? बोटं मात्र मी खरी हलवायचो, गाण्याप्रमाणे, सूर न सूर. तेवढी लाज राखली होती. जळगावात एका लग्नात भर चौकात गाडीवरचा जनरेटर बंद पडला. ढोल, ताशे, ट्रम्पेट चालू, आणि क्लॅरनेट मध्येच गप्प. माझे गाल फुगलेले, बोटं चाव्यांवर पळतायत, आणि आवाज नाही. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग नवरीकडचा एक गृहस्थ माझ्या तोंडाशी कान आणून म्हणाला, “काय मास्तर, चार्जिंग संपलं का?” सगळे हसले. ट्रम्पेटवाला हसला नाही, त्यानं माझी ओळ आपल्या अंगावर घेऊन गाणं पुढं नेलं. जेवायला वरण-बट्टी होती. मी ताट तसंच ठेवून गाडीत जाऊन बसलो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की ओठ आता येणार नाही.

तरी एक गोष्ट मी जपून ठेवली होती. दाढेच्या आधी मला एक पत्ती लाभली होती. सगळ्या पत्त्या सारख्या नसतात. डब्यातल्या निम्म्या कुचकामी, बऱ्याचशा चालवून घ्यायच्या, आणि कधीतरी एखादी अशी निघते की फूक घालायच्या आधीच सूर तयार असतो. ती मी दोनदाच लावली होती. ओठ गेल्यावर काचेच्या पट्टीवर बांधून, फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. ओठ आला की पहिल्यांदा हीच लावायची. बाकी सगळ्या पत्त्या मी प्रयोगांत खरडून, कापून, चावून संपवल्या, पण तिला हात लावला नाही. कपाट उघडलं की फडकं दिसायचं आणि बरं वाटायचं.

गावचं लग्न आलं. जाऊ नये असं शंभरदा वाटलं. पण मी आलो नाही हे कळलं असतं तर आबा काठी घेऊन बसमध्ये बसून देवपुराला आले असते. निघताना मी ती पत्ती लावली. वाजवायची नव्हतीच, पण आबा आधी तोंडाकडं बघतात, चावलेली पत्ती त्यांना लांबून दिसते. म्हटलं, निदान दिसायला तरी चांगली असू दे. शिवाय मी स्वतःची समजूत घातली होती की गाडीवरचे स्पीकर इतके मोठे आहेत, त्यांच्या दणक्यानं घरांचे पत्रे थरथरतात, क्लॅरनेटही थरथरेल. आबांना काय वेगळं कळणार?

ऊन कलल्यावर मिरवणूक मारुतीच्या पारापासून निघाली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा कुणीतरी ओरडलं, “आबा येई राहिनात, वाट द्या रे!” धुतलेला सदरा, धोतर, काठी. ते आधीपेक्षा खूप वाळले होते. माझ्याकडं बघून हसले, पत्तीकडं बघितलं, मान डोलावली आणि नेहमीच्या जागी पंजा ठेवून डोळे मिटले. गाडीतून क्लॅरनेटचा आवाज येत होता. मी गाल फुगवले, बोटं हलवली.

पंजा थोडा वेळ स्थिर होता. मग तो हलला. चाव्यांच्या बाजूनं वर आला, पुन्हा खाली गेला, तोंडाशी गेला. नाडी सापडत नसली की डॉक्टर बोटं सरकवतात ना, तसं ते शोधत होते. पत्रे थरथरत होते, जमीन थरथरत होती, क्लॅरनेटही थरथरत होता, आणि त्या सगळ्यात आबा फक्त पत्ती शोधत होते. त्यांच्या मिटलेल्या डोळ्यांवर आठी आली. आयुष्यात कधी घाबरलो नसेन इतका मी घाबरलो. त्यांना वाटत होतं की आता आपला हातसुद्धा गेला. ते मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं. कान गेले, आता हातही.

मी फुंकलं. कसं बसलंय, काय निघेल, कशाचाही विचार न करता पोटातून फुंकलं. ओठ पत्तीखाली कुठं आहे मला कळत नव्हतं, म्हणून दात रोवले. लाळ हनुवटीवरून गळ्यात उतरली. काय आवाज आला ते देव जाणे, तो त्या स्पीकरपुढं मलाही ऐकू आला नाही, कुणालाच नाही. पण पंजा थांबला. आधी घट्ट झाला, मग सैल झाला. आठी गेली. आबा मान हलवायला लागले, आणि गाणं संपेपर्यंत मी त्या मेलेल्या ओठानं फुंकत राहिलो. छाती फुटेल असं वाटलं. थांबायची हिंमत नव्हती.

गाणं संपलं. मी क्लॅरनेट खाली घेतला, बाहीनं तोंड पुसलं. बाही लाल झाली, ती मी पाठीमागं घेतली. आबांनी माझा दंड धरून मला गाडीच्या सावलीत नेलं. तोंडाजवळ तोंड आणून, बहिरी माणसं बोलतात तसं मोठ्यानं म्हणाले, “पत्ती जड व्हई गई रे भो. खरडी ले.”

तिच्यात काहीही दोष नव्हता. खरडलेली पत्ती परत जाड होत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. ते काठी मांडीवर आडवी ठेवून शेजारच्या घराच्या ओट्यावर बसले आणि माझ्याकडं बघत राहिले. मी खिशातून छोटा चाकू काढला, पत्ती सोडवली, काचेच्या पट्टीवर धरली आणि त्यांच्यासमोर बसून खरडायला लागलो.